नमुन्यादाखल दिलेला राजीनामा

सुज्ञ वाचकहो, वेस्केपालू गावच्या शाळेत मार्च महिन्यातील एका मंगळवारी संगणकाच्या तासाला जे घडले, त्याचे यथातथ्य व संपूर्ण निवेदन मी येथे सादर करीत आहे. यात माझी बाजू सावरण्याचा कोणताही यत्न नाही. शक्य असता, तर अवश्य केला असता!

माझे शिक्षण आठवीपर्यंत झाले असले, तरी यंत्राने माझ्यासमोर कधी मान वर केलेली नाही. बावीस वर्षे मी या शाळेला ऊब देणारा बॉयलर सांभाळला. पुढे बॉयलर स्वयंचलित झाला, व नेमका त्याच सुमारास आमचा संगणक-शिक्षक तार्तू शहरात निघून गेला. तेव्हा मुख्याध्यापिका तीऊ रेबानेबाई मला म्हणाल्या, "हेल्दुर, प्रोजेक्टर तुम्हीच दुरुस्त करता, छपाईयंत्र तुम्हीच दुरुस्त करता. आता मुलंही तुम्हीच दुरुस्त करा!" अशा रीतीने मी संगणक-शिक्षक झालो. हे पद गेले, तर परतायला मागे बॉयलरही उरलेला नव्हता, ही गोष्ट वाचकांनी कृपया ध्यानी ठेवावी.

त्या मंगळवारी सातवीचा तास होता. विषय होता, ओळखपत्राचे कार्ड संगणकात घालून सही कशी करावी. हा विषय आमच्या देशात प्रार्थनेइतकाच गंभीर मानला जातो. पेनाची सही कोणी मागत नाही, आणि कार्डाची सही कोणी नाकारत नाही.

"मुलांनो," मी आठही विद्यार्थ्यांवरून दृष्टी फिरवीत म्हणालो, "कार्डाला दोन कोड असतात. चार आकड्यांचा ओळखीसाठी, पाच आकड्यांचा सहीसाठी. हे कोड कोणालाही सांगायचे नाहीत. मित्राला नाही, आईला नाही, बायकोलाही नाही!"

"आम्हाला बायको नाही, सर," उकू म्हणाला.

"पुढं होईल. तेव्हाही नाही!"

यानंतर मी मोठ्या पडद्यावर नमुन्याचा अर्ज लिहावयास घेतला. सुट्टीचा अर्ज मला क्षुल्लक वाटला. सर्व पत्रप्रकारांत राजीनामा हा सर्वांत भारदस्त, असे माझे मत आहे. शाळेच्या पत्रव्यवहार-प्रणालीत त्याचा तयार साचाही होता, नक्षीदार शीर्षकासह. मी लिहिले : 'मी, हेल्दुर पायू, जड अंतःकरणाने परंतु दृढ निश्चयाने, संगणक-शिक्षक या पदाचा आजपासून राजीनामा देत आहे. या शाळेच्या भिंतींनी मला जे दिले, ते शब्दांत मावणारे नाही.'

पहिल्या बाकावरच्या सॅडेने चक्क नाक पुसले.

"सर, हे खरंच पाठवणार?"

"नाही गं वेडे! नुसती सही. बघा, किती सोपं असतं!"

मी पाच आकडे दाबले. टिंग! आवाज इतका गोड होता, की मी समाधानाने मान डोलावली.

"सर," उकू म्हणाला, "'पाठवले' असं आलंय."

"कुठं?"

"तिथं. हिरव्या अक्षरांत. भलंमोठं."

मी वळून पाहिले. त्या साच्यात सही होताच पत्र आपोआप मुख्याध्यापिकांकडे रवाना होते, ही माहिती खाली बारीक अक्षरांत दिलेली होती. बारीक अक्षरे मी चष्म्याशिवाय वाचीत नाही, आणि वर्गात रुबाब राहावा म्हणून चष्मा लावीत नाही!

"घाबरू नका!" मी म्हणालो. घाबरलेला मी एकटाच होतो. "राजीनामा मागे घेण्याचा अर्ज लगेच करू."

"त्यालाही सही लागेल ना, सर?"

"लागू दे की!" मी कोड दाबला. चूक. पुन्हा दाबला. चूक. पहिला कोड कोणता आणि दुसरा कोणता, यांची डोक्यात खिचडी झाली.

"सर, थांबा! तिसऱ्यांदा चुकलं की कुलूप पडतं!" सॅडे ओरडली.

"मला शिकवतेस?" असे म्हणून मी तिसऱ्यांदा दाबला. कुलूप पडले.

आमच्याकडची मुले संकटात आरडाओरडा करीत नाहीत, नुसती बघत राहतात. त्याने अधिक घाम फुटतो.

"कुलूप उघडायच्या कोडचं पाकीट असतं की," उकू म्हणाला. "कार्डाबरोबर मिळतं. कुठं ठेवलंत?"

मी घरी पत्नीस फोन लावला. "माइमू, ते कोडचं पाकीट..."

"कितीदा चुकलास?"

"तीनदा. पण ऐक ना, झालं असं की..."

"आलेच." फोन बंद.

इतक्यात सॅडेने सुचविले, "सर, बाई वरच्याच मजल्यावर आहेत. जाऊन तोंडी सांगा ना!"

तोंडी! सहीच्या विरुद्ध तोंड! परंतु बुडत्या मनुष्याने काडीची जात विचारू नये, म्हणून मी मोज्यांनिशीच जिना चढलो. शाळेत बूट दाराशी काढावे लागतात, आणि घाईत सपाता वर्गातच राहिल्या होत्या. रेबानेबाई संगणकासमोर बसल्या होत्या.

"बाई, एक चूक झालीय..."

"एक मिनिट हं, हेल्दुर. सह्या करतेय." टक. टक. टक. "हं, झालं. बोला."

"कशावर सह्या केल्यात?"

"आजचं टपाल. एकोणीस कागद."

"वाचलेत?"

"समोरच्यानं सही केली म्हणजे विचार करूनच केली असणार. वाचून शंका काढणं बरं दिसत नाही." तरीही माझा चेहरा पाहून त्यांनी यादी उघडली, आणि त्यांचे डोळे पाणावले. "अगंबाई! 'या शाळेच्या भिंतींनी...' किती सुंदर लिहिलंय हो! सोडून चाललात?"

"नाही हो बाई! तो नमुना होता!"

"सहीचा नमुना नसतो, हेल्दुर. सही म्हणजे सही. मी स्वीकारलासुद्धा. आणि स्वीकारला की जागेची जाहिरात आपोआप लागते."

आम्ही दोघेही खाली धावलो. वर्गात माइमू अगोदरच हजर होती. पायाने रेटायची बर्फगाडी हाणीत ती सात मिनिटांत पोचली होती. गावचे टपाल कार्यालय बंद होईतो ती तिथे खिडकीवर होती, आणि हल्ली ग्रंथालयात म्हाताऱ्यांचे अर्ज भरून देते. माझ्या खुर्चीवर बसून तिने कुलूप उघडले, नवा कोड घातला आणि मुलांना विचारले, "हा कोड का चुकला, सांगा पाहू?"

"घाबरले म्हणून!" आठही जण एका सुरात.

"मग घाबरल्यावर काय करायचं?"

"हात काढून घ्यायचा!"

मुलांनी टाळ्या वाजविल्या. मला गेल्या चार महिन्यांत एकही मिळाली नव्हती.

मी मागे घेण्याचा अर्ज सही करून पाठविला, परंतु उशीर झाला होता. "लागलेली जाहिरात उतरवता येत नाही," बाई म्हणाल्या. "दोन आठवडे थांबा, तुम्हीच अर्ज करा. या आडगावात दुसरं कोण मरायला येतंय? फक्त एक अडचण आहे. निदान दोन अर्ज आले नाहीत, तर निवड रद्द होते आणि जागा तालुक्याला जाते."

दोन अर्ज! मी दोन दिवस उमेदवार शोधीत गावभर फिरलो. दूधवाला नाही म्हणाला. चर्चचा ऑर्गनवादकही नाही म्हणाला. अखेर रात्रीच्या जेवणाला राय धान्याची भाकरी मोडता मोडता मी माइमूला विनविले, "तू कर ना अर्ज. नुसता नावापुरता!"

"मी? कशाला उगाच?"

"माझी नोकरी वाचवायला! अर्ज मीच लिहून देतो. तुला फक्त सही करायचीय."

आणि मी लिहिला! तीन रात्री जागून, माझ्या सर्व शब्दसंपदेनिशी! 'दीर्घ लोकसेवेने तावून सुलाखून निघालेली, धीरगंभीर, परंतु मृदुभाषी.' स्वतःचा अर्ज लिहायला मग वेळच उरला नाही. तो मी दीड ओळीत उरकला. निवड-समितीसमोर दोघांनी दहा-दहा मिनिटे सातवीला शिकवायचे होते. मी संगणकाच्या उगमापासून आरंभ केला. दहा मिनिटे संपली, तेव्हा मी अद्याप आकडेमोडीच्या मणिचौकटीपाशीच होतो. माइमूने मुलांना हात काढून घेण्याचा सराव दिला. मुले हसत होती. समितीही हसत होती. मीही हसलो, कारण निकाल काय लागणार, हे मला ठाऊक आहे असे मला वाटत होते.

शुक्रवारी रेबानेबाईंचा फोन आला. "अभिनंदन, हेल्दुर! नोकरी तुमच्या घरातच राहिली!"

"आभारी आहे, बाई! सोमवारपासून येऊ?"

"माइमूबाईंना विचारा ना. समिती म्हणते, इतका उत्कृष्ट अर्ज आजवर पाहिलाच नाही!"

सोमवारी पावणेआठला मी माइमूचा कोट धरून दाराशी उभा होतो.

"बटाटे अकराला लाव," ती बूट चढवीत म्हणाली. "खारवलेला हेरिंग मासा भिजत घातलाय, त्याचं पाणी बदल. आणि गुरुवारी संध्याकाळी मोठ्यांसाठी वर्ग सुरू करतेय. पहिलं नाव तुझं घातलंय."

"मला न विचारता?"

"सहीसुद्धा केलीय," ती म्हणाली, आणि बर्फगाडी रेटीत निघून गेली.

तेव्हा, वाचकहो, माझा नवा कोड कोणाला ठाऊक आहे, हे वेगळे सांगावयास नको. याहून अधिक लिहिण्याची मनीषा होती, परंतु पातेले उतू जाण्याच्या बेतात आहे. एका माजी शिक्षकाचे कथन आपण अखेरपर्यंत वाचलेत, याबद्दल मी आपला मनःपूर्वक ऋणी आहे.

आपला नम्र,
हेल्दुर पायू
(वेस्केपालू)