शिडीवरचे शामरावकाका

आमच्या शेलूबाजारात शामरावकाकांना जमिनीपासून हातभर वर कोणी पाहिलेलं नाही. घरातला दिवा बदलायला स्टुलावर काकू चढतात. छपरावरचे पत्रे उडाले की काका गडी बोलावतात आणि अंगणात उभे राहून, डोळे मिटून त्याला सूचना देतात. पुतण्याच्या लग्नाच्या पंगती गच्चीवर होत्या, तर या गृहस्थांनी आपलं ताट खाली मागवलं. "आपलं जमिनीवरच बरं हाय," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

म्हणून आमच्या बचत गटाची सहल कळसूबाईला, म्हणजे महाराष्ट्रातल्या सगळ्यांत उंच शिखरावर निघाली, तेव्हा काका गाडीत काकूंशेजारी येऊन बसलेले बघून आम्ही बायका चाटच पडलो.

"काका, तुमी कायले येऊन राह्यले?" मी विचारलं.

"कायले म्हंजे? गाडीत जागा हाय ना?"

माझा आपला अंदाज, काकूंच्या पाटल्यांवर नजर ठेवायला आले असणार. माणूस तसा चिक्कट.

पाऊस नुकताच सरला होता, सोयाबीनच्या सोंगणी-कापणीला अवकाश होता. चढ लागला तसा काकांचा चेहरा उतरला. पहिल्या लोखंडी शिडीपाशी पोचलो तर वर धुकं, सोसाट्याचा वारा आणि ओल्या निसरड्या पायऱ्या. मी म्हटलं, "काका, तुमी इथंच बसा ना." ते शिडीखाली जाऊन उभे राहिले.

शेतात, बाजारात, रस्त्यानं काका पुढं आणि काकू मागं, हे आम्ही कायम बघत आलो. पेरणीत तिफण हाकणारा पुढं आणि बी सोडणारी मागं, तीच चाल अंगवळणी पडलेली. इथं मात्र काका काकूंना म्हणाले, "तू हो पुढं."

"अवो, तुमचे पाय कापून राह्यले!"

"कापू दे. जाय वर."

काकूंच्या मागं काका, काकांच्या मागं मी. निम्म्यावर काका थांबले. बोटं पांढरी पडलेली, मान वर, अंग दगड. हा माणूस इथून सुटला तर मला घेऊनच जाणार! मी ओरडले, "काका, हला ना!" ते हलेनात. ते वर काकूंच्या पायांकडे बघत होते. तेवढ्यात काकू डोलल्या. त्यांचा पाय सटकला आणि थेट काकांच्या खांद्यावर आला. काकांनी कठड्यावरचा एक हात सोडला आणि ती टाच घट्ट धरली.

"पक्कं धर. मी हाय खाली."

काकूंनी दम घेतला आणि राहिलेल्या शिड्या चढून आम्ही शिखरावरच्या देवळापाशी पोचलो. काकू देवीची ओटी भरायला गेल्या. काका देवळाच्या भिंतीला पाठ लावून घामाघूम बसले होते.

"ही न्हाणीत दोनदा भोवळ येऊन पडली," ते हळूच म्हणाले. "कोनाले सांगू देत नाही. नको जाऊ म्हटलं तं रडली. लई हौस होती तिले."

"पन काका, तुमी वर आले की!"

"वर कोन याले आलं, पोरी? मी तं तिच्या खाली राह्याले आलो."

मी पाण्याची बाटली त्यांच्यापुढं केली.

उतरायच्या वेळी धुकं फाटलं होतं. दरी तळापर्यंत उघडी पडलेली. आता खाली राहायचं तर शिडीवर सगळ्यांच्या आधी उतरायला हवं होतं. कोणी काही म्हणायच्या आत काका उठले. शिडीच्या तोंडाशी जाऊन त्यांनी एकदा खाली पूर्ण पाहिलं, आणि पाय पहिल्या पायरीवर टेकवला.

"ये," ते काकूंना म्हणाले.