चंद्रावरची गुढी

आमच्या वरच्या मजल्यावरच्या गद्रेकाकांना चंद्रावरचे झेंडे अजिबात पसंत नव्हते. इथे आखातात, आमच्या वादी कबीर भागातच एसीच्या डक्टची ड्रॉइंग्ज काढण्यात त्यांची उमर गेली होती. त्यामुळे विषय कुठलाही निघो, मुलीच्या लग्नाचा की गॅलरी बंद करण्याचा, काका विचारायचे, "हवेचं काय ठरवलंय?"

आपलं यान चंद्रावर उतरलं त्या दिवशी मी इमारतभर पेढे वाटत होतो, जणू ते यान मीच पार्क केलं होतं. खरं तर मला तळघरात साधी गाडी लावताना खांब आडवा येतो. काका मात्र पेढा हातात धरून गंभीर.

"उद्या आपला माणूस जाईल आणि लोकांचं बघून झेंडा रोवेल. अरे, हवा नाही तिथे. वरून आडवी दांडी घालून ताणायचा, म्हणजे वाळत घातलेला टॉवेल. त्यापेक्षा गुढी न्या. गुढीला वारा लागतच नाही."

तेव्हापासून काका कामालाच लागले. बांबू उन्हात तडकेल म्हणून अ‍ॅल्युमिनियमचा पाइप, तांब्याला आतून क्लॅम्प. कडुनिंबाच्या डहाळीचं काय, यावर ते आठवडाभर अडले होते. साखरेच्या गाठीची काळजी नव्हती. तिथे मुंग्या नाहीत. माझ्या मुलाने अडखळत विचारलं, "काका, पण मग ती खाणार कोण?" काकांनी त्याच्याकडे आदराने पाहिलं आणि हा मुद्दा विचाराधीन ठेवला.

काकू गेल्यापासून त्यांच्याकडे गुढी उभारली जात नव्हती. त्या पाडव्याला मात्र गॅलरीत पाइप उभा राहिला, त्यावर काकूंची जांभळी काठपदराची साडी. शेजारच्या मल्याळी बाईंनी विचारलं, "अंकल, लोटा उल्टा क्यों?" काका म्हणाले, "मून का ट्रायल है."

संध्याकाळी ऊन डोंगरामागे गेलं तरी गुढी उभीच. माझी बायको खालून बघून आली आणि माझ्यावर घसरली, "सूर्यास्ताआधी उतरवतात, एवढं कळत नाही तुमच्या काकांना? जा वर."

मी गेलो. काका गुढीशेजारी खुर्ची टाकून बसले होते. बायकोचा निरोप मी माझाच म्हणून दिला.

"चंद्रावर पंधरवडाभर सूर्य मावळत नाही," ते म्हणाले. "उतरवायची घाई नसते तिथे."

"काका, आपण वादी कबीरमध्ये आहोत."

ते हसले नाहीत. साडीचा काठ सारखा करत म्हणाले, "उभारायला एक माणूस पुरतो रे. उतरवली की साडीची घडी आली. पलीकडचं टोक ती धरायची."

मी गाठी सोडली, तांब्या काढला. आम्ही हॉलभर साडी ताणली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण साडीची घडी मी कधी घातली नव्हती. पहिल्याच झटक्यात मी पीळ घातला. "अरे, पदर वर. काठाला काठ लाव," काका करवादले. मग त्यांचा आवाज उतरला.

"आता चालत ये इकडे."

साडीची घडी घालताना दोघांनी एकमेकांकडे चालत यायचं असतं, हे मला तेव्हा कळलं. मी माझं टोक घेऊन त्यांच्यापाशी पोचलो. माझ्या हातातून ते घ्यायला काकांनी बराच वेळ लावला.