जाताना बोगदा, येताना घाट

कडेगावच्या लालासाहेबांची कंबर मोठी मानी. गाडीत सात तासांच्या वर बसवलं की धरलीच. याच कंबरेपायी त्यांनी सॅन फ्रान्सिस्कोच्या पोराकडं, पृथ्वीराजकडं जायचं दोन वर्षं टाळलं होतं. पण आता नातू झाला, आणि त्याला मांडीवर घेतल्याशिवाय नवऱ्याशी बोलायचं नाही असं शालूबाईंनी ठरवलं.

घरात अबोला सोसेना, म्हणून लालासाहेबांनी पोरानं पाठवलेलं तिकीट नुसतं बघायचं ठरवलं (तिथंच फसले). मुंबईहून निघायचं रात्री एकला, पोचायचं पहाटे पाचला. तारीखही तीच.

"अगं, चारच तास हाय की," ते हरखले. "मुंबई गाठायलाच आपल्याला सात लागत्यात."

शालूबाईंनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. आनंदानं असेल, असं लालासाहेबांना वाटलं.

चुलतभाऊ भाऊसो मात्र परतीचं तिकीट धरून बसला. "दादा, येताना सकाळी निघून दुसऱ्या दिवशी दुपारी पोचतंय. आसं कसं?"

लालासाहेब घटकाभर गोंधळले. मग त्यांना पुण्याचा रस्ता आठवला. "खुळा हाईस व्हय रं? पुण्याला जाताना आपण बोगद्यातनं जातो, येताना खंबाटकीचा घाट चढतो. तसंच आसणार वर."

भाऊसोला लगेच पटलं. (घाटात बंद पडलेल्या ट्रकमागं ज्यानं दुपार काढलीय, त्याला पटायलाच पाहिजे.)

विमानात जेवण आलं. लालासाहेबांनी परत पाठवलं. पहाटे सुनेच्या हातचं खायचं होतं. मग घड्याळात सात वाजले, नऊ वाजले, अकरा वाजले. खाली नुसतं पाणी. पोटात कावळे.

"शालू, वाट चुकलं वाटतं गं ह्ये."

शालूबाईंनी पिशवीतनं दशमी काढून दिली. "खावा गप. सोळा-सतरा तास लागत्यात. तितलं घड्याळ आपल्या मागं हाय. पोरानं सांगितलंतं मला."

"मग मला का न्हाई सांगितलंस?"

"आला असता?"

तोवर दहा तास निमूट बसलेली कंबर सतराचा आकडा ऐकताच धरली. अशी धरली, की उतरल्यावर व्हीलचेअर मागवावी लागली.

बाहेर पृथ्वीराज आणि सून क्रांती बाळाला घेऊन उभे होते. अजून उजाडलं नव्हतं. भिंतीवरच्या घड्याळात पाच वाजले होते. लालासाहेबांनी मनगटाकडं पाहिलं. तिथं साडेपाच.

"बघ, पाचच वाजल्यात," ते म्हणाले. "चारच तास लागले. माझं घड्याळ आर्धा तास पुढं पळतंय." मधे अकरा कसे वाजले होते, याचा त्यांनी थोडा विचार केला आणि सोडून दिला.

आणि कंबर सुटली. ते खुर्चीतनं ताडकन उठले, नातवाला घेतलं आणि डोळे पुसत गाडीकडं चालू लागले.

शालूबाईंनी रिकाम्या खुर्चीत पिशव्या ठेवल्या आणि पोराला म्हणाल्या, "ही खुर्ची परतीच्या दिवशी लागंल म्हणून आत्ताच सांगून ठेव बाबा. परत जाताना त्येंला घाट हाय."