काटेकरांची हातोडी

एका जंगलात, बाळांनो, साळिंदरांचं एक बिऱ्हाड होतं. कुठल्या जंगलात, असं मधेच विचारायचं नाही. गप्प बसून ऐकायचं.

घरधनी काटेकर. त्यांची बायको गोदा. पदरात दोन पिल्लं, आणि बिळाच्या कोपऱ्यात गोदाने पिल्लांसाठी जपून ठेवलेली रताळी. ती गेली तर पिल्लांनी खायचं काय? बाहेर रानडुक्कर टपलेलं होतंच.

आणि नेमका दाराचा खिळा ढिला झाला. अख्खं दार त्या एका खिळ्यावर!

"बत्ता घेते नि दोन ठोके हाणते," गोदा म्हणाली.

"बत्त्याने?" काटेकरांचे काटेच उभे राहिले. "लोक काय म्हणतील? हातोडी आणू. पण चांगली पारखून!"

मग काय विचारता! हत्ती म्हणाला, "जड घ्या. एका दणक्यात काम." वानर म्हणालं, "छे, जडने मनगट जातं. हलकी घ्या." मुंगूस म्हणालं, "दांडा बाभळीचाच हवा बरं का." यांच्यापैकी एकानेही जन्मात खिळा ठोकला नव्हता. म्हणून तर सल्ले एवढे खात्रीचे होते.

गोदा बिचारी दाराला पाठ लावून बसायची. "अहो, कुठलीही आणा हो एकदाची!"

"तुला त्यातलं काय कळतं?"

शेवटी हातोडी आली. पोलादी, रबरी मुठीची, मागे खिळे उपटायला दोन शिंगं. गोदाला हायसं वाटलं. ती दाराशी जाऊन उभी राहिली.

"खुळी की काय! खंडेनवमीला पूजा झाल्याशिवाय कोरं हत्यार चालवायचं?"

खंडेनवमी आली. हातोडीला हळदकुंकू लागलं, झेंडूची माळ चढली. सगळं जंगल बघायला लोटलं. पण टांगायची कुठे? भिंतीत खिळा हवा, आणि घरात खिळा एकच.

काटेकरांनी हातोडीच्या शिंगांनी दाराचा खिळा उपटला. "बघा, कसा अलगद निघाला!" पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. दार नुसतं टेकवून ठेवलं.

खिळा भिंतीत ठोकायची वेळ आली, तेव्हा मात्र काटेकरांनी हातोडी छातीशी धरली. "पूजेच्या हातोडीवर चरा पडेल हो. गोदे, बत्ता आण."

गोदाने बत्ता आणला. संतापाने तिनेच हाणला. खिळा दोन ठोक्यांत बसला.

हातोडी भिंतीवर चढली. पाहुणे डोळे मिटून आरती म्हणत होते, तेवढ्यात रानडुकराने दाराला नुसतं नाक लावलं.

दार आडवं. पाहुणे मागच्या वाटेने पसार, सगळ्यांत पुढे काटेकर. रताळी फस्त. पिल्लांनी भोकाड पसरलं. गोदा रिकाम्या कोपऱ्यात मटकन बसली आणि ढसाढसा रडली.

डुक्कर गेल्यावर काटेकर धापा टाकत परतले. भिंतीकडे बघून त्यांनी हुश्श केलं.

"देवाची कृपा, गोदे! हातोडीला काही झालं नाही."

तात्पर्य : हातोडी नेहमी पारखूनच घ्यावी, म्हणजे दार गेलं तरी भिंतीची शोभा जात नाही. घरात एक बत्ताही जरूर ठेवावा. हातोडी टांगायला लागतो.