मुलाणी गुरुजींची झडती

आमच्या शाळेत दुसरीचे मास्तर भिंतीकडे तोंड करून उभे असत आणि त्यांच्या खुर्चीत सात वर्षांची एखादी पोरगी बसलेली असे. आठवड्यातून दोनदा तरी हे मी पाहिलं आहे. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा विचारायला हवं होतं. पण मी तिसरी आणि चौथी एका खोलीत शिकवत होतो, वर हेडमास्तरकी, पोरांना वाटायच्या सुकडीच्या गोणी, जनगणना आणि कुटुंबनियोजनाच्या केसेस. त्यामुळे विचारायचं राहून गेलं.

मुलाणी गुरुजी पौडला स्टँडमागे एका खोलीत राहायचे आणि पहिल्या एसटीनं यायचे. प्रार्थना झाली की वर्गात जाऊन आपली पिशवी टेबलावर ठेवायचे आणि म्हणायचे, "घ्या झडती."

झडती पोरांची नव्हे, गुरुजींची. चष्म्याचं घर, रुमाल, पेन, खडू आणि डबा अशा पाच वस्तू पिशवीत असल्याच पाहिजेत. एखादी नसली की गुरुजींनी भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं आणि पोरांचा बाराचा पाढा संपेपर्यंत हलायचं नाही. झडती घेण्याचा मान मात्र ज्याचं स्वतःचं दप्तर जागच्या जागी, त्यालाच. पाटी, पेन्सिल, पुस्तक आणि पाटी पुसायचं फडकं. फडकं वाळलेलं हवं, थुंकी लावलेलं नको.

या मानासाठी पोरं जीव टाकायची. खताच्या गोणीची दप्तरं, पण आत सगळं शिस्तीत. माझ्या वर्गात निरगुडीची छडी होती, तरी रोज चार पाट्या फुटायच्या आणि सहा पेन्सिली हरवायच्या. दुसरीत कुणाचं काही हरवलंच तर गुरुजी शांतपणे म्हणायचे, "राग नाही. जागा सांगा." पोर डोकं खाजवायचं, आठवायचं आणि वस्तू सापडायची. मी एकदा हे माझ्या वर्गात म्हणून पाहिलं. पोरं घाबरली. त्यांना वाटलं, सर आजारी आहेत.

एकदा एक पालक तणतणत आला.

"सर, त्या गुरुजींना आवरा. पोरगी मला दारात आडवती. इळा कुटं ठिवला, दोरी कुटं हाय, इचारती. माझ्याच घरात माझी झडती! आन् वर म्हणती, राग न्हाई, जागा सांगा."

"मग सापडला का विळा?" मी विचारलं.

"सापडला," तो नाराजीनं म्हणाला. "पर ही काय रीत हाय व्हय?"

असं सगळं चाललं असतं. पण तालुक्याहून तपासणीला साहेब आले ते न सांगता, सकाळच्या पारी. ते थेट दुसरीत गेले. मास्तर भिंतीकडे तोंड करून उभे. खुर्चीत कमल नावाची पोरगी. साहेबांना पाहून ती उठली नाही. बोट वर करून म्हणाली, "थांबा जरा, बारा साते चाललंय."

साहेब थांबले. मला वाटतं, नोकरीत पहिल्यांदाच थांबले असतील. नंतर माझ्या खोलीत येऊन त्यांनी आवाज चढवला. "हा पोरखेळ बंद करा आणि आठवड्यात मला लेखी कळवा. नाहीतर मुलाणींना पार घाटमाथ्यावरच्या शाळेत टाकतो."

शाळा सुटल्यावर मी गुरुजींना ओट्यावर गाठलं आणि सगळं सांगितलं. बदलीचं ऐकून माणूस हादरेल असं वाटलं होतं. त्यांनी पिशवी मांडीवर ओढली. मग म्हणाले, "बाकी म्हणाल ते ऐकतो, सर. झडती तेवढी राहू द्या."

मी वैतागलो. "अहो, पोरांना आता वळण लागलंय. झडती कशाला पाहिजे त्यांना?"

"पोरांना नकोच आहे," ते म्हणाले.

मला कळेना. गुरुजी पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत बोलू लागले. "सुरुवातीला मी मुद्दाम विसरायचो. पोरांना गंमत वाटावी म्हणून. मग बायको वारली. चार वर्षं झाली त्याला. आता खरंच विसरतो, सर. खोलीतून निघताना डबा घेतला का, रुमाल घेतला का, हे विचारणारं कुणी राहिलं नाही. इथं आलो की कमल विचारते. परवा रुमाल नव्हता, तर म्हणाली, 'आन् सर्दी झाली मंजी?' डबा नसला की पाढा अर्धा टाकून पोरं भांडतात, आज गुरुजी कुणाच्यातलं खाणार म्हणून." बोटाचा बंद सोडवत ते म्हणाले, "दिवसातून एवढं एकदाच कुणीतरी विचारतं मला."

त्याच सकाळी बायको दारापर्यंत आली होती. चष्मा घेतला का, म्हणाली. मी तिच्यावर खेकसून बाहेर पडलो होतो. मला माझीच फार लाज वाटली.

झडती पुढे दार लोटून घ्यायची, आणि रस्त्याकडच्या खिडकीशी बसणाऱ्या पोरांनी साहेबांच्या जीपचा आवाज आला की कळवायचं, असं आम्ही ठरवलं. मग मी खोलीत गेलो, कागद ओढला आणि साहेबांना लिहिलं की सदर प्रकार कायमचा बंद करण्यात आला आहे. नोकरीत मी खोटे अहवाल पुष्कळ लिहिले. न कंटाळता लिहिलेला हा एकच.