बिनटाचणीचा बुधवार

बुधवारी दुपारचे साडेचार वाजले तरी तिघांपैकी एकही जण आला नाही, तेव्हा टाचणीताईंनी आधी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग दाराकडे, आणि शेवटी नवऱ्याकडे. नवरा एका कोटाच्या बाहीवर इस्त्री फिरवत होता.

"अहो, आज बुधवारच ना?"

"सकाळपासून तरी बुधवारच आहे."

टाचणीताईंचं दुकान कपडे दुरुस्तीचं. पँटची उंची कमी करणं, कंबर सैल करणं, चेन बदलणं, असली कामं. दाराच्या काचेवर पाटी रंगवलेली होती: 'नवीन कपडे शिवत नाही. फक्त दुरुस्ती.' आणि त्याखाली जरा मोठ्या अक्षरात: 'शुक्रवार म्हणजे शुक्रवार.' बावीस वर्षांत शुक्रवारी एकही गिऱ्हाईक रिकाम्या हातानं परत गेलं नव्हतं. एकदा ताईंना ताप होता, तरी त्यांनी अंथरुणात बसून अकरा बटणं लावली होती. ही गोष्ट त्या स्वतः सांगत नसत, नवरा सांगायचा, आणि दर वेळी एकदोन बटणं वाढवून सांगायचा.

आता हे तिघे कोण, तर शेजारच्या दुकानातले घड्याळवाले, वरच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर आणि समोरच्या वाचनालयातल्या ग्रंथपालबाई. तिघांनाही लिहिण्याची हौस. तिघेही आठवड्यातून एकदा, दर गुरुवारी, आपापल्या वाचकांना ई-मेलवर एक पत्र पाठवायचे. घड्याळवाले बंद पडलेल्या घड्याळांवर लिहायचे, डॉक्टर तोंड उघडं ठेवून बोलणाऱ्या पेशंटांवर, आणि ग्रंथपालबाई परत आलेल्या पुस्तकांत काय काय सापडतं त्यावर. सुरुवातीला घड्याळवाल्यांचे अकरा वाचक होते. त्यातले चार ते स्वतःच, वेगवेगळ्या पत्त्यांवरून.

मग तिघांनी ठरवलं, की प्रत्येकानं आपल्या पत्राच्या शेवटी बाकीच्या दोघांची शिफारस करायची. त्यानं वाचक येऊ लागले, पण टिकेनात. ते टिकू लागले ते ताईंमुळे. एकदा घड्याळवाले पँट आखूड करायला आले असताना त्यांनी हौसेनं आपलं पत्र वाचून दाखवलं. ताईंनी कागद हातातून घेतला, मधोमध एक टाचणी लावली आणि म्हणाल्या, "इथून कापा. पाय केव्हाच संपलेत, पँट अजून चालूच आहे."

तेव्हापासून दर बुधवारी चार वाजता तिघे आपापला कच्चा कागद घेऊन दुकानात यायचे. ताई टाचण्या लावायच्या, आणि प्रत्येक टाचणीबरोबर मापाच्या जुन्या चिठ्ठीच्या कोऱ्या बाजूला एखादी ओळ खरडायच्या. हे तीन वर्षं चाललं. आता तिघांचे मिळून हजारावर वाचक होते. ताईंचं खरं नाव मात्र गल्लीतून गेलं ते गेलंच.

आणि आज कुणी नाही. शेवटी फोन आले. घड्याळवाले म्हणाले, "घरी पाहुणे आलेत हो ताई." डॉक्टर म्हणाले, "एक अक्कलदाढ अडकलीय, हलताच येत नाही." बाईंच्या वाचनालयात पुस्तकांची मोजणी निघाली होती.

"झालं," ताई टाचण्यांचा डबा बंद करत म्हणाल्या. "शिकले. आता कशाला लागतेय मी."

"पाहुणे आलेत म्हणाले ना?" नवरा म्हणाला. "दुकानाच्या पायरीवर एकटेच बसलेत. मला इथून दिसतायत."

ताईंनी बघितलं नाही. त्यांना फार वाईट वाटलं. बुधवारचे दोन तास म्हणजे काही कामाचे तास नव्हते, पण आठवडाभर त्या त्याच तासांची वाट बघायच्या, हे आजच त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी एका पँटची उंची चुकीची कापली. बावीस वर्षांत पहिल्यांदाच.

खरी भानगड वेगळीच होती. महिन्यापूर्वी तिघांची पत्रं वाचता यावीत म्हणून ताईंनी त्या पत्रांच्या साइटवर आपलं नाव घातलं होतं. तिथल्या फॉर्मनं 'तुमच्या पत्राचं नाव' विचारलं, आणि ते लिहिल्याशिवाय पुढे जाऊ देईना. ताईंनी वैतागून 'टाचणी' असं लिहिलं आणि मोकळ्या झाल्या. साइटनं लगेच एक पान तयार करून ठेवलं: 'टाचणी. पहिलं पत्र लवकरच.'

ते पान तिघांनीही पाहिलं, पण वेगवेगळ्या वेळी. तिघांनाही एकच वाटलं: ताई अखेर लिहितायत, आणि लाजून सांगत नाहीयेत. तीन वर्षांचे उपकार फेडायची याहून चांगली संधी कुठली? प्रत्येकानं गुपचूप ठरवलं, की या गुरुवारचं सगळं पत्र ताईंवरच लिहायचं. आता ताईंवरचं पत्र ताईंनाच कसं दाखवणार? आणि बाकीच्या दोघांना सांगावं, तर ते पोटात ठेवणार नाहीत. म्हणून तिघांनी तीन थापा मारल्या आणि गेल्या तीन वर्षांत पहिल्यांदाच टाचणी न लावलेली पत्रं पाठवली.

गुरुवारी सकाळी साडेदहाला ताईंचा फोन टुणकन वाजला. मग परत वाजला. ताई एका गिऱ्हाइकाच्या कमरेशी बसल्या होत्या, तोंडात चार टाचण्या.

"बघा हो, काय झालं ते," त्या ओठ न हलवता म्हणाल्या.

नवऱ्यानं बघितलं. "नवीन वाचक आलाय म्हणे. अजून एक. हे चौदा झाले."

"कोणाकडे?"

"तुझ्याकडे."

बारा वाजेपर्यंत तीनशे बारा झाले. ताईंना वाटलं, कुणीतरी आपल्या नावानं काहीतरी फसवाफसवी चालवलीय. त्यांनी तिघांना निरोप धाडला: असाल तसे या. तिघे आले, आणि आले ते हसतच. घड्याळवाल्यांनी तर शर्टही बदलला होता.

"आभार वगैरे काही मानू नका ताई," ते म्हणाले. "एवढा हक्क आहे आमचा."

"कसले आभार? हे काय आहे?"

"तुमच्या पत्राचे वाचक."

"माझं पत्रच नाहीये."

तिघांच्या चेहऱ्यावरचं हसू एकेक करून उतरलं. इस्त्रीची वाफ तेवढी सुर सुर करत राहिली.

"पण पानावर लिहिलंय, लवकरच," ग्रंथपालबाई हळूच म्हणाल्या.

"ते त्या साइटनं लिहिलंय. मला विचारून लिहिलं का तिनं?"

"मग उद्या सहाचं काय?" डॉक्टरांनी विचारलं. "यांनी लिहिलंय, पहिलं पत्र शुक्रवारी संध्याकाळी ठीक सहा वाजता."

सगळे घड्याळवाल्यांकडे बघू लागले. "तुमच्या पाटीवर शुक्रवार आहे," घड्याळवाले म्हणाले. "आणि सहा वाजता तुम्ही दुकान बंद करता. मी आपला हिशेब केला."

"आणि डॉक्टर, तुम्ही काय लिहिलंत?"

डॉक्टरांनी घसा साफ केला. "हसून हसून जबडा दुखेल, असं. दुखलाच तर माझा पत्ता खाली दिलाय."

"आणि बाई?"

"मी फक्त एवढंच लिहिलं," बाई म्हणाल्या, "की चांगलं कसं लिहावं हे कुणाला शिकायचं असेल, तर ते फक्त तुमच्याकडूनच शिकावं."

ताई स्टुलावर बसल्या. डॉक्टर म्हणाले, "मला दाखवलं असतंत पत्र, तर पहिल्याच ओळीत पकडलं असतं, असं म्हणणार ना तुम्ही?" ताईंनी डोळे वटारले. पण कालपासून छातीवर जे दगडासारखं बसलं होतं, ते उतरलं होतं. तिघांनी टाळलं नव्हतं. तिघांनी घोळ घातला होता, आणि तोही आपल्यासाठी.

"उद्या सकाळी आम्ही तिघे कळवून टाकतो," बाई म्हणाल्या. "चूक झाली म्हणून. लोक समजून घेतील."

ताईंनी दाराच्या काचेवरच्या पाटीकडे पाहिलं. आतून ती उलटी दिसायची, पण त्यांना वाचायची गरज नव्हती.

"शुक्रवार म्हणजे शुक्रवार," त्या म्हणाल्या. "पण मी नवीन शिवत नाही हो. कधी शिवलंच नाही."

शुक्रवारी सकाळी तिघेही आपापल्या मनानं ताईंसाठी एकेक पत्र लिहून घेऊन आले. ताईंनी ती वाचायला घेतली आणि हात आपोआप डब्याकडे गेला. घड्याळवाल्यांच्या कागदाला इतक्या टाचण्या लागल्या, की तो उचलायची सोय राहिली नाही. डॉक्टरांचा कागद त्यांनी परतच दिला. "हे तुमच्या मापाचं आहे. माझ्या अंगाला बसणार नाही." बाईंच्या पत्रात पहिल्या पानावर अकरा तळटिपा होत्या.

त्यातच दुपारी तीन वाजता एक अनोळखी बाई दुकानात आल्या. हातात कपडा नव्हता, कागद होते. "डॉक्टरांचं पत्र वाचून आले," त्या म्हणाल्या. "माझा राजीनामा आहे. पाच पानं झालीत. जरा आखूड करून मिळेल?" नवऱ्यानं सवयीनं मापाची चिठ्ठी फाडून नाव लिहून घेतलं. ताईंनी वीस मिनिटांत टाचण्या लावून कागद परत दिला. त्यातून एवढंच उरलं: 'मी सोमवारपासून येणार नाही. खिडकीतलं झाड माझं आहे, ते घेऊन जाईन.' त्या बाईंनी ते दोनदा वाचलं, डोळे पुसले आणि ताईंचा हात घट्ट धरून गेल्या.

"बघा, हे जमतं तुम्हाला," घड्याळवाले म्हणाले.

"हे तिचं होतं. मी फक्त ढगळ तेवढं काढलं." पाच वाजले होते. वाचक आठशे एकाहत्तर झाले होते. समोरचा कोरा कागद सकाळपासून कोराच होता. "मला दुसऱ्याचं दिसतं हो. माझ्याकडे स्वतःचं कापडच नाही. मी सहा वाजता त्या लोकांना काय देऊ?" बोलता बोलता ताईंचा आवाज कापला. नवऱ्यानं इस्त्री उभी करून ठेवली. इतक्या वर्षांत त्यानं हा आवाज ऐकला नव्हता.

घड्याळवाले उठून गेले आणि एक पत्र्याचा डबा घेऊन आले. घड्याळांच्या सुट्या भागांचा. झाकण उघडलं, तर आत मापाच्या चिठ्ठ्या. तीन वर्षांतली एकूण एक.

"टाकवेनात," ते म्हणाले.

डॉक्टर डब्याकडे बघतच राहिले, मग दोन दोन पायऱ्या चढत वर गेले. ते खाली आले तेव्हा हातात कवळ्या ठेवायच्या तीन डब्या होत्या, गच्च भरलेल्या. ग्रंथपालबाईंनी तर रस्ता ओलांडून एक जाडजूड वहीच आणली. चिठ्ठ्या तारीखवार चिकटवलेल्या, शेवटी विषयसूची.

ताईंनी कापायच्या टेबलावर एकेक पसरली. एका बाजूला कुणाची तरी कंबर, कुणाची तरी बाही. दुसऱ्या बाजूला त्यांचं अक्षर.

'पहिली तीन वाक्यं दारातच उभी आहेत. आत या.'

'हे गिऱ्हाईक दोनदा मेलंय. एकदा पुरे.'

'तुम्ही रडलात हे सांगू नका. मला रडू येऊ द्या.'

'डॉक्टर, हा विनोद भूल न देता काढा.'

'हे छान आहे. इथे कुणी काही म्हणालं, तरी हात लावू नका.'

"हे मी लिहिलंय?" ताईंनी विचारलं.

"आमच्यापैकी कुणाचं इतकं छोटं असतं का?" डॉक्टर म्हणाले.

ताई हसल्या. मग त्यांनी बाह्या सरसावल्या. बारा चिठ्ठ्या निवडल्या, चार परत ठेवल्या, दोन नव्या घेतल्या, क्रम बदलला. ग्रंथपालबाईंनी टाइप केलं. वर एकच ओळ ताईंनी नवीन घातली: 'मी फक्त दुरुस्ती करते. त्यात जे शिकले ते हे.' घड्याळवाले मनगटाकडे बघत सेकंद मोजत होते, आणि ठीक सहा वाजता ताईंनी बोट टेकवलं. सव्वासहाला पहिलं उत्तर आलं. त्या राजीनाम्यावाल्या बाईंचं होतं, आणि एकाच ओळीचं: 'झाड घरी आलं.'

पुढच्या बुधवारी चार वाजता तिघे वेळेवर आले. पण या वेळी कागद ताईंच्या हातात होता. दुसरं पत्र. ताईंनी डबा त्यांच्यापुढे सरकवला आणि इतक्या घाबरल्या, की खडू शोधायच्या निमित्तानं पाठ करून उभ्या राहिल्या.

तिघांनी कागद फिरवला. कागद परत आला तेव्हा त्याला तीनच टाचण्या होत्या, आणि तिन्ही एकाच परिच्छेदाला. त्यात ताईंनी लिहिलं होतं, की शेजारच्या तीन माणसांनी मला न विचारता माझ्यावर विश्वास टाकला, आणि मी त्यांची जन्मभर ऋणी राहीन, आणि असे शेजारी सगळ्यांना मिळोत, आणि असं बरंच काही, दहा ओळी.

"फारच झालंय ताई," घड्याळवाले खाली बघत म्हणाले.

"एवढं काही आम्ही केलं नाही," डॉक्टर म्हणाले. बाईंनी चष्मा पुसायला घेतला होता.

प्रत्येक टाचणीबरोबर एकेक चिठ्ठी होती. तिन्हींवर एकच लिहिलेलं: 'इथे कापड जास्त झालंय.' ताईंनी त्या सोडवल्या, नीट घडी केल्या आणि बटणांच्या डब्यात तळाशी ठेवल्या. मग एकेक करून टाचण्या काढल्या.

"हे कापायचं नाही," त्या म्हणाल्या. "शिवणीत थोडं कापड आत दुमडून ठेवावंच लागतं. माणसं वाढतात."

पत्र शुक्रवारी सहाला गेलं, होतं तसंच.