नावेत बसलेले कोहळे

श्रावणजी कोणालाही भेटले की नमस्कार करण्याआधी त्याच्या हातातील वस्तू उचलून पाहतात. पिशवी असो, छत्री असो वा कडेवरचे मूल असो. दोन्ही तळव्यांवर घेतात, डोळे मिटतात, किंचित वर-खाली करतात आणि वजन जाहीर करतात. आमची ओळख झाली त्या दिवशी त्यांनी माझी कागदपत्रांची बॅग अशीच उचलली व म्हणाले, "मुन्शीजी, आत कागद कमी अन् डबा जास्त हाये." चार पक्षकारांदेखत असे बोलणे सभ्यपणाचे होते काय, हे वाचकांनीच ठरवावे.

मी वर्ध्यास कचेरीच्या आवारात बसून अर्ज लिहितो. शिक्षण मॅट्रिकच्या अलीकडे थांबले असले, तरी माझा अर्ज हाती आला की साहेब लोक खुर्चीत सरळ बसतात, असे मी स्वतः पाहिलेले आहे. अशा माणसाला शेजार मात्र मिळाला श्रावणजींचा. बोरगाव मेघेस आमची घरे लागून आहेत आणि त्यांच्या घरामागे त्यांची भाजीची वाडी आहे. वजनकाटा त्यांच्याजवळ आहे, परंतु त्यावर विश्वास नाही. "काटा खोटं बोलते, हात नाई," हे त्यांचे ब्रीद. वस्तुतः त्यांचा हातही पुष्कळदा चुकतो. त्या वेळी ते काट्याला चापट मारतात.

दुसरा हट्ट याहून घातक. आमच्याकडे नागपंचमीला कडुनिंबाला झोका बांधतात, तेव्हा पोरे बसण्याआधी त्यात धान्याचे पोते ठेवून दोन-चार हेलकावे देण्याची रीत आहे. दोराने पोते धरले, तर पोरही धरील, एवढाच त्यातला अर्थ. ही रीत पंचमीपुरती ठेवण्याचे भान सुज्ञ माणसास असते. श्रावणजी ती खुर्चीला लावतात, खाटेला लावतात. माझ्या घरी नवा सोफा आला, तर हे गृहस्थ वाडीतून कांद्याचे पोते घेऊन दारात हजर.

गेल्या उन्हाळ्यात त्यांचा मुलगा प्रशांत पुण्याहून आला. सोबत त्याची पत्नी, सहा वर्षांची ओवी आणि अद्याप धड न चालणारा एक मुलगा. दिवाळी आणि उन्हाळा, एवढीच त्यांची येण्याची वहिवाट. ओवीने उतरल्या उतरल्या एकच मागणी केली: नागपूरच्या वाटेवर जे मोठे मनोरंजन उद्यान झाले आहे, तेथील हेलकावे खाणाऱ्या नावेत तिला बसायचे होते. मागच्या खेपेला उंची कमी भरल्याने तिला परत पाठवले होते आणि तेव्हापासून ती म्हणे रोज दाराच्या चौकटीशी उभी राहून स्वतःला मोजत असे.

परतीच्या आदल्या दिवशी जाण्याचे ठरले. गाडीत एक जागा उरली होती. श्रावणजी मला म्हणाले, "मुन्शीजी, चला. तिथं काई वाकडं झालं तं लिहिता माणूस संगं असलेला बरा." माझी योग्यता ओळखण्याचा हा त्यांच्या आयुष्यातील बहुधा एकमेव प्रसंग. मी इस्त्रीचा सदरा घालून निघालो. गाडीपाशी येतो, तर माझ्या जागेवर एक भलेमोठे कोहळे बसलेले. इतरत्र ज्याला लाल भोपळा म्हणतात, तेच.

"हे काऊन जी?" मी विचारले.

"ओवीच्या वजनाचं हाये. पह्यले हे बसन नावेत, मंग पोरगी." आणि माझा चेहरा पाहून म्हणाले, "वापस आल्यावर अर्धं तुमचं."

आमच्या घरी कोहळ्याची भाजी आवडीने खाल्ली जाते, म्हणून मी ते मांडीवर घेतले. रस्त्यातील प्रत्येक गतिरोधक माझ्या गुडघ्यांना कळला.

उद्यानाच्या फाटकावर बाहेरचे खाद्यपदार्थ नेण्यास मनाई होती. रखवालदाराने कोहळ्यावर दंडुका ठेवला. येथे माझा अनुभव कामी आला. सदर वस्तू कच्ची, न चिरलेली व न शिजविलेली असल्याने तीस खाद्यपदार्थ ही संज्ञा लागू होत नाही, असे मी त्यास शुद्ध भाषेत समजावले. तो दंडुका बाजूला घेत म्हणाला, "जा बाप्पा, घेऊन जा." मात्र भाकरी-ठेच्याचा डबा त्याने ठेवून घेतला, त्यावर श्रावणजींनी मलाच दोष दिला.

आतील प्रकाराबद्दल न बोललेलेच बरे. प्लास्टिकचा हत्ती सोंडेतून पाणी उडवतो आणि त्याखाली चांगल्या घरची माणसे ओल्या कपड्यांनी नाचतात. घराच्या मोरीत जे विनामूल्य घडते, त्यासाठी लोक तिकीट काढतात.

नावेपाशी ओवी उंचीच्या पट्टीखाली उभी राहिली. टाच न उचलता भरली. तिने आजोबांकडे वळून पाहिले, पण श्रावणजी तोवर कोहळे उचलून कठड्यापाशी गेले होते.

"काका, कोहळं नाई बसवता येत," नाव चालवणारा तरुण म्हणाला.

"काऊन? तिकीट काढतो ना त्याचं."

"माणसायसाठी हाये जी ते."

मागे रांग वाढली. कोणी तरी विचारले, "कोहळ्याचं लगन हाये का काका?" लोक हसले.

प्रशांत खालच्या आवाजात म्हणाला, "बाबा, लोक पाहून राह्यले."

"पाहू दे. पोरगी त्यायची हाये का?"

"रोज शेकडो लेकरं बसतात यात."

"ते मी नाई बसवले."

सुनेने समजावले, "बाबा, उद्या जायचंय आम्हाला. किती दिवसांपासून वाट बघतेय ती." ओवीने पट्टीचा खांब दोन्ही हातांनी धरून ठेवला होता आणि ओठ घट्ट मिटले होते. पोरीचे सहा महिन्यांचे मोजमाप एका म्हाताऱ्याच्या आडमुठेपणापायी वाया चालले होते. मी मनातल्या मनात त्यांच्याविरुद्ध अर्जाचा मायना तयार केला.

श्रावणजींनी तिच्या चेहऱ्याकडे पाहिले. मग चालवणाऱ्याला म्हणाले, "मी बसलो अन् मांडीवर हे घेतलं, तं चालन?"

रांगेला कंटाळून त्याने मान हलवली.

जो मनुष्य माझ्या सोफ्यावर आजवर बसलेला नाही, तो नावेच्या अगदी टोकाला, जेथून ती सर्वांत उंच जाते, तेथे जाऊन बसला. कोहळे छातीशी धरलेले, डोळे मिटलेले. नाव वर गेली तेव्हा टोपी उडाली. दुसऱ्या हेलकाव्याला "अवो माय" एवढेच ऐकू आले. नाव थांबल्यावर दोघांनी धरून त्यांना उतरवले. चेहरा पांढराफटक पडला होता, पण कोहळे हातातून सुटलेले नव्हते.

"बस जा बाई," ते ओवीला म्हणाले. "धरते."

ती बसली, तीन वेळा बसली. प्रत्येक वेळी हे गृहस्थ खाली दोन्ही हात पुढे पसरून उभे, जणू एवढ्या उंचावरून पोर पडली असती तर यांनी झेलली असती. लोकांनी मोबाइलवर त्यांचे चित्रण केले. मी शेजारी उभा असल्याने त्यात मीही असणार, याची मला खंत आहे.

दुसऱ्या दिवशी मंडळी पुण्यास गेली. आठवडा झाला, तरी माझ्या अर्ध्या कोहळ्याचा पत्ता नव्हता. दिलेला शब्द माणसाने पाळावा, या मताचा मी असल्याने पिशवी घेऊन त्यांच्या अंगणात गेलो. श्रावणजींची पाठ माझ्याकडे होती. पत्नी वारल्यापासून त्या घरात ते एकटेच. त्यांनी ते कोहळे कडेवर घेतले होते, एक हात खालून आणि एक पाठीमागून, आणि तसेच हळूहळू वाडीच्या कडेने चालत होते.

मी खाकरलो. ते वळले, पण कोहळे खाली ठेवले नाही.

"कापाचं नाई का हे?" मी विचारले.

"दिवाळीपर्यंत राहू द्या जी. नाई तं हात इसरते."

मी म्हणालो, "दिवाळीपर्यंत पोर वाढेल. मग या वजनाचा उपयोग काय?" हा बिनतोड मुद्दा होता.

त्यांनी मानेनेच वाडीकडे खूण केली. वेलाखाली पालापाचोळ्याच्या गादीवर दुसरे एक कोहळे होते, अजून हिरवट, देठाला धरून.

"ते तोडत नाई," श्रावणजी म्हणाले. "तिच्यासंगं वाढून राह्यलं."

मी पिशवीची घडी करून खिशात घातली. घरी आल्यावर पत्नीने भाजीचे विचारले, तेव्हा कोहळे आतून सडके निघाले, असे मी तिला सांगितले.